कवळीचाचा कप्तानाला बोलले

कवळीचाचांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. चेहरेही धड राहत नसत. जबडा मात्र एकदा पाहिला की जन्मभर राही. रस्त्यात कुणी नमस्कार केला की ते बावचळून बघत राहायचे, आणि समोरचा हसला की त्यांना एकदम ओळख पटायची. "अरे, तुम्ही होय. खालची नीट बसते ना?" असं ते भर चौकात विचारायचे. खालची म्हणजे खालची कवळी, हे बरोबरच्या मंडळींना ठाऊक नसलं की तो बिचारा लाजून चूर व्हायचा.

दातांच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना मोठ्या रस्त्यावर होता आणि दवाखान्याच्या मागच्या चिंचोळ्या खोलीत चाचांचं राज्य होतं. बाई माप घ्यायच्या, चाचा दात करायचे. भिंतभर फळ्या, फळ्यांवर ओळीने मांडलेले प्लॅस्टरचे जबडे, टेबलावर गुलाबी मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, घासायची मोटर, आणि पिठाच्या गिरणीत असावी तशी सगळ्यावर पांढरी भुकटी. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू या खोलीतून बाहेर पडलं होतं. एकदा देवळाचे विश्वस्त आणि मशिदीचे विश्वस्त एकाच आठवड्यात कवळी करून घ्यायला आले. चाचांनी दोघांचे साचे शेजारीशेजारी ठेवले. दोन्ही जबडे सारखेच हट्टी निघाले. काही केल्या कवळी बसूच देईनात.

क्रिकेटशी मात्र चाचांचं जन्माचं वाकडं. खेळात त्यांना काडीचा रस नव्हता. मॅचच्या दिवशी ते पोटभर जेवायचे आणि झोपायचे. त्यातून शेजारच्या देशाशी मॅच असली तर विचारूच नका. रस्ते ओस, दवाखाना रिकामा, जिन्यात चिटपाखरू नाही. अशी शांतता वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच मिळते, ती जागेपणी वाया घालवायची म्हणजे करंटेपणा, असं त्यांचं मत होतं. दार लावून, पडदे ओढून ते असे घोरायचे की बायको म्हणायची, "तुम्ही झोपता की दात घासायची मोटर चालवता?"

हे झोपणंच त्यांच्या अंगाशी आलं.

त्यांच्या इमारतीत तळमजल्याला एक सामाईक हॉल होता. तिथे नवीन सेक्रेटरींनी भला मोठा टीव्ही बसवून घेतला. या सेक्रेटरींना सगळे कर्नल म्हणत. ते सैन्यात कर्नल नव्हते, खरं म्हणजे सैन्यातच नव्हते. सैन्याला चादरी पुरवणाऱ्या गोदामात त्यांनी नोकरी केली होती. पण मिशा टोकदार होत्या, चालणं ताठ होतं, आणि सरहद्दीचा विषय निघाला की ते "आम्ही तिथे" असं सुरू करायचे. तिथे त्यांच्या चादरी गेल्या होत्या, एवढंच. माणूस वाईट नव्हता. कुणाचा नळ गळाला तर स्वतः पाना घेऊन धावायचा. पण देशावर कोण किती प्रेम करतो याची देखरेख आपल्याकडे आहे, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

शेजारच्या देशाशी मॅच झाली, आपण जिंकलो, आणि हॉलमधून बाहेर पडताना कर्नलांची नजर पहिल्या मजल्यावर गेली.

"सगळी इमारत खाली होती," ते म्हणाले. "चाचांचं मात्र दार बंद. पडदेसुद्धा बंद. आत काय चालतं कुणास ठाऊक."

आत घोरणं चालतं हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं, निदान वरच्या मजल्याला तर फारच. पण कुणी बोललं नाही. असल्या प्रश्नाची गंमत अशी की उत्तर माहीत असलेला माणूससुद्धा क्षणभर विचारात पडतो.

ही बातमी चाचांच्या कानावर घातली ड्रॉइंग मास्तरांनी. मास्तर शेजारच्या दारात राहायचे. मास्तर हिंदू, चाचा मुसलमान, आणि दोघे लहानपणापासून एका पाटीवर शिकलेले. मास्तरांनी पाटीवर चित्रं काढायची आणि चाचांनी ती पुसायची, अशी त्यांची तेव्हापासूनची वाटणी होती.

"तुझ्या पडद्यांची चर्चा आहे खाली," मास्तर म्हणाले.

"का? नवे आहेत म्हणून?"

"तू मॅचला आत काय करतोस, म्हणून."

"झोपतो."

"मला माहीत आहे रे. पण तू कुणाच्या बाजूने झोपतोस, असा प्रश्न आहे."

चाचा हसले आणि विसरून गेले. पण त्याच आठवड्यात त्यांची मुलगी कॉलेजातून आली ती गप्पच. ही मुलगी क्रिकेटवेडी. कुठला गोलंदाज कुठल्या हाताने जेवतो इथपर्यंत तिला माहीत. ताटावर बसली तरी तोंड उघडेना, तेव्हा आईने खोदून विचारलं.

"एका मैत्रिणीने विचारलं, तुझे अब्बा कुणाच्या बाजूने असतात," ती म्हणाली. "मी म्हटलं, झोपलेले असतात. सगळ्या हसल्या. त्यांना वाटलं मी टाळतेय."

चाचांचा घास हातातच राहिला. स्वतःबद्दल कुणी काही म्हटलं असतं तर त्यांनी ते सुपारीसारखं चघळून थुंकून टाकलं असतं. पण पोरीला खोटं ठरवलं, आणि तेही त्यांच्या झोपेपायी, हे त्यांना झोंबलं. "पुढच्या मॅचला मी खाली जाईन," ते म्हणाले.

"अहो, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही," बायको म्हणाली.

"कळायला काय लागतं? सगळे टाळ्या वाजवतील तेव्हा वाजवायच्या."

हे बोलणं सोपं होतं. पुढच्या मॅचला चाचा इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये गेले. कर्नलांनी "या, या" म्हणून त्यांना मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलं. चाचांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांचे डोळे टीव्हीवर होते, आणि अधूनमधून त्यांच्यावर. थोड्या वेळाने टीव्हीत एकाने चेंडू उंच मारला, दुसरा त्याच्याखाली धावला, आणि हॉलमधली सगळी माणसं हात वर करून एकदम उभी राहिली. चाचांनी ओळखलं की हीच ती वेळ. ते उभे राहिले आणि त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

हॉलमध्ये दुसरी टाळी नव्हती. आपल्या माणसाच्या हातातून सोपा झेल सुटला होता.

कर्नलांनी सावकाश मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. चाचांच्या टाळ्या हळूहळू विरत गेल्या. शेवटच्या दोन-तीन त्यांनी डास मारल्यासारख्या वाजवल्या.

"डास फार झालेत हो," मास्तर मागून म्हणाले. मास्तरांचं मन मोठं.

त्या संध्याकाळी मास्तरांनी तोडगा काढला. पुढच्या वेळी ते चाचांना चिकटून बसणार. एकदा कोपर मारलं की टाळ्या, दोनदा मारलं की हळहळ. चाचांनी हळहळीचा सराव आरशासमोर केला. मान हलवायची, जीभ टाळूला लावून 'च्च' करायचं. बायको दारात उभी राहून बघत होती. "कवळी सैल झालेल्या माणसासारखे दिसता," ती म्हणाली, पण चाचांना ते जमल्यासारखं वाटलं.

मॅच सुरू झाली आणि पहिला तासभर सगळं घड्याळासारखं चाललं. कोपर, टाळ्या. दोन कोपरं, च्च. कर्नल समाधानाने बघत होते. पण मास्तर पडले कलावंत. सामना रंगात आला तसे ते स्वतःला विसरले आणि उत्साहाच्या भरात कोपरावर कोपर हाणायला लागले. चाचांना मोजता येईना. कधी तीन, कधी पाच. त्यांनी मग सरसकट टाळ्याच धरल्या. चौकार गेला, टाळ्या. पंच टोपी सारखी करतोय, टाळ्या. मध्येच टूथपेस्टची जाहिरात लागली, तिलाही टाळ्या. नशिबाने त्या दिवशी आपण जिंकलो, त्यामुळे एवढ्या टाळ्यांत चुकीच्या टाळ्या खपून गेल्या. चाचांच्या बरगड्या मात्र आठवडाभर दुखत होत्या.

कर्नल इतके खूष झाले की त्यांनी उभं राहून भाषण केलं. "काही लोकांना शंका होती," ते म्हणाले. शंका त्यांची एकट्याचीच होती. "पण आज चाचांनी दाखवून दिलं. प्रत्येकाने चाचांसारखं व्हावं." मग त्यांनी चाचांच्या हातात एक कागदी झेंडा दिला, खांद्यावर हात टाकला आणि फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर पाठवला. ग्रुपवर तो फोटो फुलांनी आणि टाळ्यांनी मढून निघाला. चाचा त्यात हसत होते, पण बरगडी दाबून धरलेल्या माणसासारखे.

फोटोला पाय फुटतात. तो फिरत फिरत चाचांच्या मेहुण्याकडे पोचला. मेहुणा म्हणजे बायकोचा मोठा भाऊ. बाजारात त्याचं नळांचं आणि तोट्यांचं दुकान. शुक्रवारची नमाज झाली आणि तो तडक चाचांकडे आला. पाणीसुद्धा घेतलं नाही, फोनच समोर धरला.

"दूल्हाभाई, हे काय?"

"मी आहे," चाचा म्हणाले.

"ते दिसतंय. मशिदीबाहेर सगळे मला विचारतायत, तुमच्या दूल्हाभाईंना एवढं काय झालंय? ज्याचं मन साफ आहे त्याला टूथपेस्टच्या जाहिरातीला टाळ्या वाजवायची गरज काय? आपण काय कुणाचं देणं लागतो? तुम्ही घाबरलात म्हणतात लोक."

"झोपलो तर ते बोलतात, जागा राहिलो तर तुम्ही बोलता," चाचा म्हणाले. "माझा मृदंग झालाय. एका बाजूने त्यांची थाप, दुसऱ्या बाजूने तुमची."

"इज्जतीचा प्रश्न आहे."

आतून चाचांची बायको पदर खोचत बाहेर आली. "भाईजान," ती म्हणाली, "तुमच्या दुकानावर तो केवढा झेंडा लावलाय. दुकानाची पाटी दिसत नाही त्याच्यामागे. परवा एक बाई नळ घ्यायला आली आणि सरकारी कचेरी समजून परत गेली."

मेहुण्याने घसा साफ केला. "ते वेगळं. तो धंद्याचा भाग आहे."

"तो घाबरून लावला की मनापासून?"

मेहुणा फोन खिशात घालून खाली बसला. मग म्हणाला, "लावला तेव्हा घाबरूनच लावला होता. आता रोज सकाळी मीच झटकतो. परवा वाऱ्याने दोरी तुटली तर जिवाला चुटपुट लागली. आता तूच सांग, हे काय झालं?"

 बहिणीने मग चहा टाकला.

एवढी फरफट झाल्यावर चाचांनी क्रिकेट सोडून दिलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण इथेच गोष्टीने भलतं वळण घेतलं. पुढच्या रांगेत बसून बसून चाचांची नजर आपल्या कप्तानाच्या तोंडावर पडली होती. कॅमेरा जवळ जायचा तेव्हा पडदाभर त्याचा जबडा दिसायचा. बाकीचे धावफलक बघत, चाचा दात बघत.

"हा पोरगा दात खातो," त्यांनी एक दिवस घरी मुलीला सांगितलं. "झोपेत खातो. समोरचे झिजलेत बघ. मनावर ओझं असलं की होतं असं. आणि सारखा जबडा हलवतोय."

"अब्बा, तो च्युइंगगम खातो."

"गम वरवरचा. आत काळजी आहे."

बस, तिथून चाचा अडकले. त्या पोराला कसली काळजी आहे हे समजायला खेळ समजणं भाग होतं. मुलगी उशा आणि चमचे मांडून त्यांना शिकवू लागली. स्लिप कुठे, पॉइंट कुठे, डावऱ्याला चेंडू कसा आत येतो. चाचा दवाखान्यात प्लॅस्टरच्या जबड्यांची फिल्डिंग लावून सराव करू लागले. एकदा डॉक्टरबाई कवळी मागायला आत आल्या तर चाचा म्हणाले, "हात लावू नका, तो मिडऑनला उभा आहे." बाईंनी पेशंटला पुढच्या दिवशी बोलावलं.

आता ते दूरदूरच्या देशांशी होणाऱ्या मॅचही बघू लागले. कप्तानाच्या बाद होण्याने त्यांचं जेवण जाईना. तो शून्यावर गेला की ते त्याच्यावर असे चिडत जसे नापास होऊन आलेल्या भाच्यावर. आणि या चिडण्यातूनच त्यांना एक गोष्ट कळली, जी आधी कधी ध्यानात आली नव्हती.

हॉलमध्ये सगळे शिव्या द्यायचे. आपण हरायला लागलो की कर्नल कप्तानाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. वरच्या मजल्यावरचा विमा एजंट म्हणे, सगळा संघ समुद्रात बुडवा. कुणी म्हणे विकले गेलेत, कुणी म्हणे बांगड्या भरा. त्यावर कुणी कुणाला जाब विचारत नसे. उलट जो जास्त तोंड सोडी त्याचा जीव जास्त जळतोय असं समजलं जाई. चाचांनी एकदा, एकदाच, अगदी हलक्या आवाजात म्हटलं, "आज जरा ढिसाळच खेळतायत नाही?"

हॉल शांत झाला. विमा एजंट म्हणाला, "असं का म्हणता चाचा? बरं वाटतंय का तुम्हाला?"

"नाही, म्हणजे छानच खेळतायत," चाचा म्हणाले, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. आपला माणूस नुकताच पायचीत झाला होता, पण या वेळी कुणी हरकत घेतली नाही.

ती बोचणी त्यांच्या मनातून जाईना. पडद्यांची चर्चा त्यांनी सहन केली, बरगड्या सहन केल्या, मेहुण्याचे टोमणे गिळले. पण हे गिळता येईना. जिन्यात त्यांनी मास्तरांना गाठलं.

"मला शिवी द्यायचीय," ते म्हणाले.

"कुणाला?"

"कप्तानाला. तो स्पिनरला लवकर आणतच नाही. डोकं फिरतं माझं. पण मला देता येत नाही. तुम्ही सगळे देता. मी फक्त कौतुक करायचं. पाहुणा जसं आमटी खारट झाली तरी 'छान झालीय' म्हणतो, तसं. घरचा माणूस कसा, वाटी सरकवतो आणि विचारतो, मिठाचा डबा सांडला का?"

मास्तर नेहमीप्रमाणे काहीतरी चटकदार बोलणार होते, पण ते बाजूला राहिलं. त्यांच्या लक्षात आलं, की पन्नास वर्षं शेजारी राहून हे आपल्याला कधी दिसलं नव्हतं.

"मला दे हवं तर शिवी," ते शेवटी म्हणाले.

"तुला देऊन काय उपयोग? तू थोडाच स्पिनर आणणार आहेस."

आणि मग ती मॅच आली. शेजारच्या देशाशी, तीही अंतिम सामना. हॉल खचाखच भरला होता. कर्नलांनी कडक इस्त्रीची बंडी घातली होती. त्यांची बायको, जिला सगळे काकू म्हणत, मागच्या भिंतीशी स्वेटर विणत बसली होती. काकूंचा आवाज इमारतीत फारसा कुणी ऐकला नव्हता, कारण कर्नलांच्या घरात बोलण्याचं काम कर्नलांकडे होतं. चाचांची मुलगीही आली होती. चाचा पुढच्या रांगेत, आपल्या ठरलेल्या जागी.

सामना आपल्या हातात होता. थोड्या धावा, भरपूर चेंडू, कप्तान खेळपट्टीवर. एकेक धाव काढली असती तरी भागलं असतं. चाचा पुटपुटत होते, "सावकाश बाबा. सावकाश. वर मारू नकोस." आणि त्या पठ्ठ्याने वर मारला. चेंडू आकाशात गेला, खाली आला, आणि शेजारच्या देशाच्या माणसाने तो नारळ झेलावा तसा दोन्ही हातांनी झेलला. पाठोपाठ उरलेले पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले. मॅच गेली.

हॉलमध्ये सुतकासारखी शांतता पसरली. आणि त्या शांततेत चाचा उभे राहिले.

"गाढव आहे," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. मास्तरांनी सवयीने दोनदा कोपर मारलं. चाचांनी ते कोपर बाजूला केलं.

"गाढवसुद्धा नाही, गाढव निदान ओझं वाहतं. अरे टोणग्या, कुणी सांगितलं होतं तुला वर मारायला? हातात आलेला घास होता. पोरंबाळं सकाळपासून उपाशी बसलीयत इथे, आणि हा लाटसाहेब हवेत फटके मारतो. काल झोपेत दात खात बसला असेल, आज आमचं डोकं खातोय. आणि मघाशी गोलंदाजीला तो स्पिनर, तो काय लोणच्याला ठेवला होता? डावऱ्याला ओव्हर दिली सहा फटके खायला, आणि स्पिनर उभा सीमेवर प्रेक्षकांना हात करतोय. मी याचा बाप असतो ना, तर घरात घेतला नसता आज. जेवायला दिलं असतं, पण घरात घेतला नसता."

ते थांबले, कारण दम लागला. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं. मुलगी खुर्चीच्या कडेला येऊन बसली होती. विमा एजंटाने फोन काढला होता, पण काय करावं ते न सुचून तो नुसता हातात धरला होता.

कर्नल उठले. बंडी खाली ओढली. "चाचा," ते म्हणाले, "आज, या सामन्यात, आपल्या कप्तानाला तुम्ही असं बोलता?"

 चाचांचा आवाज लटपटला नाही, याचं त्यांना नंतर फार नवल वाटलं.

"आपल्या म्हणालात ना तुम्ही?" ते म्हणाले. "मग आपल्याला नाही बोलायचं तर कुणाला बोलायचं? पलीकडच्या कप्तानाला मी कशाला बोलू? तो चुकला तर त्याची आई बघून घेईल."

कर्नलांच्या मिशा हलल्या, पण त्यांतून शब्द बाहेर आला नाही. त्यांना सात पिढ्यांचा उद्धार करायचा होता आणि तो चाचांनी आधीच करून टाकला होता. आता तेच बोलावं तर चाचांची री ओढल्यासारखं, आणि बोलू नये तर पोटात दुखणार.

मागच्या भिंतीकडून आवाज आला. "बरोबर आहे त्यांचं," काकू म्हणाल्या. सुया थांबल्या नव्हत्या. "मी इतकी वर्षं मनातल्या मनात यांनाच बोलते. शेजारच्यांच्या नवऱ्याला कधी बोलले नाही."

आधी हसली ती चाचांची मुलगी. मग मास्तर, मग विमा एजंट, आणि मग सगळा हॉल. हसून झाल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. स्पिनरबद्दल चाचांचं म्हणणं कसं रास्त आहे, नाहीच मुळी, डावऱ्याची चूक नव्हती, खेळपट्टीच तशी होती. कुणीतरी चाचांना विचारलं, "तुमच्या मते सलामीला कोण हवा होता?" या हॉलमध्ये चाचांचं मत आजवर कुणी विचारलं नव्हतं. ते सांगायला लागले ते थांबेचनात. शेवटी बायकोने जिन्यातून हाक मारली, की भाजी गार होऊन तिचं लोणचं झालं.

कर्नल मात्र हसले नव्हते. ते ताठ मानेने घरी निघून गेले, आणि पुढचे बरेच दिवस चाचांशी बोलले नाहीत. जिन्यात समोर आले की छताकडे बघत. सगळेच काही एका दिवसात बदलत नाहीत. विमा एजंटाने ते बोलणं लिहून ग्रुपवर टाकलं, तेव्हा खाली कुणीतरी लिहिलंच, 'मनातलं ओठांवर आलं.' मास्तरांनी त्या लिहिणाऱ्याशी इतका वाद घातला की कर्नलांना, सेक्रेटरी या नात्याने, दोघांनाही ग्रुपवर गप्प करावं लागलं. कॉलेजात मुलीला आणखी कुणी काही विचारलं नसेल असंही नाही. आता ती उत्तर देते, "अब्बा स्पिनरच्या बाजूने असतात," आणि पुढे इतकं सविस्तर समजावते की विचारणारी पळून जाते.

एका रविवारी सकाळी चाचांच्या दारावर थाप पडली. उघडतात तर कर्नल. हातात पाना.

"नळ गळत नाही आमचा," चाचा म्हणाले.

"मला माहीत आहे." कर्नल आत आले नाहीत. "मी तो सामना पुन्हा पाहिला. डावऱ्याबद्दल तुमचं म्हणणं चूक आहे. वारा त्याच्या बाजूने होता. स्पिनरला आणलं असतं तर आणखी लवकर हरलो असतो."

"वाऱ्याचं काय सांगता? चेंडू जुना झाला होता."

"तुम्हाला क्रिकेट कळायला लागून किती दिवस झाले?"

"आणि तुम्ही चादरी मोजता मोजता कधी शिकलात?"

दोघांचं असं जुंपलं की वरच्या मजल्याची माणसं कठड्यावरून वाकून बघायला लागली. मास्तर घाईघाईने दार उघडून बाहेर आले, की झालं, आता भडकलं. थोडा वेळ कान देऊन ते निवांत झाले, आणि आत जाऊन चहाचा कप घेऊन परत आले. भांडण खरोखरचं होतं, कडाक्याचं होतं, आणि त्यात वाऱ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. ते अजूनही मिटलेलं नाही.

मेहुण्याच्या कानावर हे सगळं यायला वेळ लागला नाही. तो या वेळी दुकान बंद करून आला, पाणी प्यायला, चहा प्यायला, आणि बराच वेळ सोफ्याची शिवण चाचपत बसला.

"दूल्हाभाई, सगळ्यांसमोर शिव्या दिल्यात म्हणे कप्तानाला."

"दिल्या."

"आणि कुणी काही म्हणालं नाही?"

"म्हणाले. डावऱ्याची चूक नव्हती म्हणाले."

"बाकी काही नाही?"

"बाकी काकू बोलल्या. ते तुम्हाला नंतर सांगतो."

मेहुणा पुन्हा शिवणीकडे वळला. मग त्याने दाराकडे बघून, बहीण ऐकत नाही अशी खात्री करून, आवाज खाली आणला. "तो यष्टिरक्षक," तो म्हणाला, "त्याच्याबद्दल मला दोन वर्षं काही बोलायचंय. दुकानात गिऱ्हाईक असतं, मशिदीबाहेर वेगळी माणसं असतात. कुठेच बोलता येत नाही. पोट फुगलंय नुसतं."

"बुधवारी मॅच आहे," चाचा म्हणाले. "या खाली. खुर्ची मी धरून ठेवतो."

"टाळ्या वाजवाव्या लागतील?"

"वाटलं तर वाजवा. मी तर हल्ली विसरूनच जातो."

बुधवारी मेहुणा आला. मागच्या रांगेत अंग चोरून बसला आणि बराच वेळ तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मग यष्टिरक्षकाने सोपा झेल सोडला आणि त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कर्नलांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून म्हणाले, "तिकडे मागे कशाला बसलात? इकडे या, नीट दिसेल."